ब्रह्मचाऱ्याचा संसार

ज्याने संसार केला नाही त्याने संसारावर बोलू नये, असे आमच्या घरातले ठाम मत आहे. (मत अर्थातच माझे नव्हे!) त्याला अपवाद सापडला तो थेट जपानात. चित्रपट-दिग्दर्शक यासुजिरो ओझू. १९०३ साली तोक्योत जन्मलेल्या या गृहस्थाने स्वतः लग्न केले नाही. इतरांच्या मुलींची लग्ने मात्र पडद्यावर पुनःपुन्हा लावली.

१९२३ साली शोचिकू कंपनीत कॅमेरा-साहाय्यक म्हणून तो लागला आणि चारच वर्षांत दिग्दर्शक झाला. पुढे त्याने कॅमेरा अगदी जमिनीलगत आणला, जणू पाहणाराही त्या घरात चटईवर बसला आहे. पाटावर बसून जेवलेल्यांना ही नजर परकी वाटू नये.

त्याचा १९४९ सालचा ‘लेट स्प्रिंग’ मी मुलीबरोबर पाहिला. विधुर बाप प्राध्यापक, म्हणून माझा जीव अधिकच गुंतला. सत्तावीस वर्षांची नोरिको बापाला सोडून जायला तयार नाही. मग तो सांगतो, मी पुन्हा लग्न करणार आहे. ती दुखावते आणि लग्नाला होकार देते. गंमत म्हणजे नवरामुलगा आपल्याला शेवटपर्यंत दिसतच नाही! लग्नानंतर बाप कबूल करतो की ते सारे खोटे होते. रिकाम्या घरी येऊन तो सफरचंद सोलू लागतो; हात थांबतो, मान खाली जाते.

माझे डोळे भरून आले. मुलगी मात्र म्हणाली, “बाबा, तिला काय हवे होते, हे कोणी ऐकले का?”

मुलीच्या लग्नाचा विषय निघाला की मी पेपर तपासायला घेतो. त्या दिवशी पेपरही नव्हते.

हा प्रश्न ओझूलाही सुटला नसावा. १९६० साली तीच कथा त्याने पुन्हा मांडली, या वेळी विधवा आईची. आणि नोरिको झालेली सेत्सुको हारा आता आई झाली. १९६२ साली, शेवटच्या चित्रपटात, पुन्हा एक बाप मुलीला सासरी धाडतो.

त्याच वर्षी ओझूची आई वारली. तोवर तो तिच्याजवळच राहत होता. म्हणजे संसार त्याला ठाऊक होता, पण घर न सोडलेल्या नोरिकोच्या बाजूने! पुढच्याच वर्षी, आपल्या साठाव्या वाढदिवशी, तोही गेला.