मॅडम, तुम्हीच दिला होता हा नंबर



जूनमध्ये शाळा सुरू झाली की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपण काही गोष्टी न चुकता टाकतो. आधार कार्डाची झेरॉक्स आणा, जंतनाशक गोळीची तारीख अमुक, वगैरे. २०२५ च्या जूनमध्ये मी त्यात एक फोटोही टाकला होता. ‘पावसाळ्यात उपयोगी पडणारे मदत क्रमांक, सर्वांनी जपून ठेवा.’ कुठून तरी आलेला, मी पुढे ढकललेला. पंधरा-वीस अंगठे आले. मलाही बरं वाटलं. त्यातला एकही नंबर मी स्वतः लावून बघितला नव्हता.

१७ ऑगस्टच्या रात्री आमच्या मुखेड तालुक्यात काय झालं ते तुम्ही वाचलंच असेल. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली या गावांत रात्रीतून पाणी शिरलं, कितीतरी माणसं अडकली, हसनाळमध्ये जीव गेले, एसडीआरएफबरोबर लष्करालाही बोलवावं लागलं. माझी शाळा या गावांत नाही, पण नाल्याकाठी आहे, आणि त्या रात्री आमचाही नाला गावात आला. मी तालुक्याच्या ठिकाणी राहते, अप-डाउन करते. लाइट गेलेली, फोन सायलेंटवर. पहाटे उठून बघते तर एकाच नंबरचे सहा मिस्ड कॉल. पहिला ३ वाजून १० मिनिटांचा.

तिसरीतल्या एका मुलाची आई. घरी ती, दोन लेकरं आणि सासू. नवरा पुण्याला कामाला. पाणी उंबऱ्यावर आलं तेव्हा तिने फोटोतला पहिला नंबर लावला. ‘आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही.’ परत लावला, परत तेच. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. अर्धा तास गेला. मग मला लावला, मी उचलला नाही. शेवटी गल्लीतल्या पोरांनी दोरी धरून चौघांना शेजारच्या स्लॅबवर चढवलं. माणसं वाचली. शेळ्या गेल्या, धान्य गेलं, पोराचं दप्तर गेलं.

मी भेटायला गेले तेव्हा ती चिडली वगैरे नव्हती. एवढंच म्हणाली, “मॅडम, तुम्हीच दिला होता हा नंबर.”

घरी येऊन आईला हे सांगितलं, तर ती किल्लारीवर गेली. आईचं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून लोक झोपलेले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. आम्ही नांदेडला होतो, मी जेमतेम चार वर्षांची. आकाशवाणीवर बातम्या लागत होत्या, पण बातम्यांत माहेरच्या गावाचं नाव येत नव्हतं. फोन कुणाकडे होते? वडील सकाळ-संध्याकाळ एसटी स्टँडवर जाऊन लातूरकडून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरला विचारायचे. तिसऱ्या दिवशी एका कंडक्टरने चिठ्ठी आणून दिली. ‘सगळे ठीक, घराची मागली भिंत पडली.’ मामाचं अक्षर. आई म्हणते, त्या तीन दिवसांत मदत नको होती गं, नुसतं कळायला हवं होतं.

मला वाटतं मदत क्रमांकाचं खरं काम इथं आहे. आपण समजतो नंबर लावला की बोट येते. बोट नंतर येते. आधी कुणाला तरी कळावं लागतं की अमक्या गावात, अमक्या गल्लीत चार माणसं आहेत आणि त्यातल्या एकीला चालता येत नाही. हे कळलं तर पाठवायची असलेली एकच बोट कुठं पाठवायची ते ठरतं.

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या मदतीने जो पुनर्वसनाचा कार्यक्रम झाला, त्यात घरं बांधण्याबरोबर राज्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नियंत्रण कक्ष उभे करणं हेही होतं. ५२ गावं नव्या जागी वसवली हे आपण मुलांना सांगतो, हे मात्र सांगत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या त्या कक्षाचा आजचा नंबर १०७७. राज्याचा १०७०. पोलीस, आग, कुठलंही तातडीचं संकट असेल तर ११२, रुग्णवाहिकेला १०८. पुण्याचा किंवा हैदराबादचा मुलगा नांदेडच्या आईसाठी १०७७ लावत असेल तर आधी एसटीडी कोड लावायचा, नांदेडचा ०२४६२, लातूरचा ०२३८२. नाहीतर माणूस ज्या जिल्ह्यात उभा आहे तिथला कक्ष लागायचा. हे माझ्या फोटोत कुठंच नव्हतं. त्या आईच्या नवऱ्यालाही ते माहीत नव्हतं, तो रात्रभर पुण्यात नुसता येरझाऱ्या घालत होता.

शाळा परत भरल्यावर परिसर अभ्यासाच्या तासाला मी मुलांना फोन-फोन खेळायला लावलं. मी कंट्रोल रूम. एकेकाने येऊन फोन करायचा. नंबर सगळ्यांना पाठ झाले, पण “कुठून बोलताय?” म्हटलं की गाडी अडायची.

“घरून.”

“घर कुठं?”

“मारुतीच्या देवळामागं.”

“कुठला मारुती?”

“आमचाच की!”

वर्ग हसला, मीही हसले. पण मित्रांनो, ११२ लावला की आपल्या राज्यात तो फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो. तिथल्या ताईला आमचा मारुती कुठला माहीत? आणि आपल्याकडे तर एकाच नावाची दोन-दोन गावं, एक बुद्रुक, एक खुर्द. चौथीतल्या अर्ध्या मुलांना आपलं गाव यातलं कोणतं हे नक्की सांगता येईना. वहीवर रोज लिहितात, तरीही! मग आठवडाभर एकच गोष्ट घोकली: जिल्हा, तालुका, गाव, बुद्रुक का खुर्द, रस्त्यावरची ठळक खूण, माणसं किती. त्याच क्रमाने. आणि समोरचा “ठेवा” म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. टॉवरची बॅटरी उतरत आली की कॉल लागत नाही, तरी कधीकधी मेसेज जातो, म्हणून हेच सगळं दोन ओळींत लिहायलाही शिकवलं. तुम्ही म्हणाल हा भाषेचा तास झाला. झालाच.

एका मुलाने विचारलं, “मॅडम, तो भोंगा वाजणारा मेसेज येतो की, मग फोन कशाला?” त्याला २०२३ च्या जुलैमधला तो चाचणी संदेश आठवत होता, सगळ्यांचे मोबाईल एकदम कर्कश वाजले होते तो. मी म्हटलं, तो मेसेज आपल्याला सांगतो, पण आपलं ऐकत नाही.

गावातल्या गावात ऐकायची सोय पुणे, नाशिककडच्या गावांनी केलेली आहे. ग्राम सुरक्षा यंत्रणा म्हणतात. गावाने नोंदणी केली की संकटातल्या माणसाने टोल फ्री क्रमांकावर फोन करून आपल्याच आवाजात निरोप द्यायचा, आणि तोच आवाज गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या फोनवर कॉल म्हणून जातो. बिबट्या, चोरी, आग, पूर, कशालाही. ॲप नको, स्मार्टफोन नको. माझ्यासारख्या सायलेंटवर ठेवणाऱ्यांचं काय हा प्रश्न उरतोच, पण शंभर घरांत दहा जण तरी उठतील. पोरं दोरी घेऊन आली ती आरडाओरडा ऐकूनच. आमच्या ग्रामसभेत मी विषय काढला आहे. अजून ‘बघू’वर आहे.

आता त्या तिसरीतल्या मुलाबद्दल. खेळात त्याची पाळी आली तेव्हा त्याने जिल्हा, तालुका, गाव बरोबर सांगितलं. मी विचारलं, “किती जण अडकलात?”

“चौघं. अन् पाणी वाढायलंय. आजीला ऐकू येत नाही, तिला हाक मारू नका, हात धरून उचला.”

हे मी शिकवलेलं नव्हतं. त्या दिवशी मुलांनी घरोघर जाऊन यादी केली: कुणाकडे ऐकू न येणारं माणूस, कुणाकडे अंथरुणावरचं, कुणाकडे बाळंतीण, कोणत्या घरात बाईमाणूस लेकरांसह एकटी. अकरा घरं निघाली. प्रत्येक घरी आधी विचारलं, मगच नाव लिहिलं. एक प्रत पोलीस पाटलांकडे दिली, एक शाळेच्या कपाटात दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. बाळंतिणीचं नाव तीन महिन्यांनी काढायचं, अशी मुलांनीच शेजारी खूण केली.

ग्रुपवरचा तो जुना फोटो मी काढून टाकला. नवा टाकायच्या आधी प्रत्येक नंबर दिवसा लावला, उचलणाऱ्याला ‘चाचणी आहे’ असं आधीच सांगून, आणि पुढे लावल्याची तारीख लिहिली. कार्यालयांचे साधे नंबर बदलत राहतात, म्हणून जूनमध्ये ते परत एकदा लावून बघायचे आहेत. शेजारी उभं राहून तारीख लिहायचं काम चौथीच्या मुलींनी मागून घेतलंय.