मागील बाकी



आज लिहायला बसले तेव्हा हात जरा अडखळत होता, कारण यात माझी स्वतःचीच चूक सांगायची आहे.

गेल्या वर्षी वैशाखात माझ्या धाकट्या भावाचे पाय सुजायला लागले. कापडदुकानात दिवसभर उभं राहावं लागतं, त्यानेच असेल म्हणून भावजय रोज कोमट मिठाच्या पाण्यात पाय शेकायची. मग पोट वाढलं, पोटात पाणी झालं. सोनोग्राफी झाली आणि डॉक्टर म्हणाले, लिव्हर सिरॉसिस.

आमच्या घरात पाणीसुद्धा गाळून पितात. सूर्य मावळला की चूल बंद. तरी नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली, "गुपचूप घेत असणार." आणि तुम्हाला खरं सांगते, माझ्याही मनात किडा वळवळला. एक दिवस तो एकटा असताना मी विचारलंच, "खरं सांग रे, कधी घेत होतास का?" तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "अक्का, दुकानातून घरी, घरातून मंदिरात. कधी पिणार होतो गं?"

चार दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. हिपॅटायटिस बी.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो आईबद्दल. आई जाऊन एकतीस वर्षं झाली. तिच्याही पोटात पाणी झालं होतं. तेव्हा आम्ही अशक्तपणा म्हटलं, काविळीचं झाडपाल्याचं औषध दिलं. डॉक्टर म्हणाले, आता सिद्ध करता येणार नाही, पण बाळंतपणात आईकडून बाळाला हा विषाणू जाऊ शकतो. मोठ्या माणसाला लागण झाली तर बहुतेकांचं शरीर तो हुसकावून लावतं, शंभरात पाचांपेक्षाही कमी जणांत तो टिकतो. पण जन्मतः लागण झालेल्या शंभर बाळांपैकी सुमारे नव्वदांत तो मुक्काम ठोकतो. चाळीस-पन्नास वर्षं काही त्रास नाही, आणि आतून लिव्हर झिजत असतं.

मी बी.कॉम. झालेली. मला कीर्द-खतावणीच आठवली. नवी वही उघडली की पहिल्या ओळीत मागील बाकी ओढलेली असते. ती आपण खर्च केलेली नसते, पण आपल्याच पानावर दिसते. आणि लोक ते पान बघून म्हणतात, याने उधळलं!

डॉक्टरांनी आम्हा सगळ्या भावंडांना आणि मुलांना तपासायला सांगितलं. माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला. मधल्या भावाचा पॉझिटिव्ह, आणि त्याला तर काहीच त्रास नव्हता. एका काकूंनी सांगून पाहिलं, "पोरीची तपासणी करू नका, स्थळं येणार नाहीत." भावजयीने कुणाचं ऐकलं नाही. भाची निगेटिव्ह निघाली, आता तिचे लसीचे तीनही डोस झालेत. भावजयीने भावाचं ताट-तांब्या वेगळा केला होता, तोही डॉक्टरांनी परत एकत्र करायला लावला. हा रोग जेवणातून, भांड्यांतून पसरत नाही. दाढीचं ब्लेड आणि दातांचा ब्रश मात्र वेगळा हवा, कारण प्रश्न रक्ताचा आहे.

त्याच सुमारास माझीही सोनोग्राफी झाली. फॅटी लिव्हर! विषाणू नाही, दारू नाही, वजनही फार नाही. डॉक्टरांनी सांगितलं, काही जणांत जनुकांचा वाटा असतो. पीएनपीएलए-३ नावाच्या जनुकाचा एक प्रकार असला तर लिव्हरमध्ये चरबी लवकर साठते. आपल्या भारतीयांत तो बऱ्याच जणांत सापडतो. पण जनुक म्हणजे निकाल नव्हे. गोड कमी, वजन आटोक्यात आणि रोज चालणं, एवढं आपल्या हातात आहे. आम्ही सूर्यास्ताआधी जेवतो खरं, पण जेवून टीव्हीसमोर बसतो आणि पारण्याला तुपातला शिरा दोनदा घेतो, त्याचं काय?

कुणी भावाला म्हणालं, "पूर्वकर्माचं फळ." मला ते टोचलं. कर्माचा विचार स्वतःकडे बघण्यासाठी आहे, आजारी माणसाला बोल लावण्यासाठी नाही. आणि आपल्या धर्मात निर्जराही सांगितली आहेच की! बाकी आली म्हणून वही मिटायची नसते, फेडायला लागायचं असतं. दोघेही भाऊ आता रोज एक गोळी घेतात, तीही दिवसा, नियम न मोडता. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होते. विषाणू दबलेला आहे.

दशलक्षण पर्व संपलं. क्षमावाणीच्या दिवशी दरवर्षी आपण भेटेल त्याला हात जोडतो, पुष्कळदा सवयीनेच. या वेळी मी भावाच्या घरी गेले आणि कशाबद्दल क्षमा मागतेय ते नाव घेऊन सांगितलं. तो म्हणाला, "सोड गं अक्का, चहा घे." दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

मैत्रिणींनो, घरात कुणाला लिव्हरचा त्रास झाला असेल तर एचबीएसएजी ही साधी रक्ततपासणी सगळ्यांनी करून घ्या. सून गरोदर असेल तर तिची नक्की करा, आणि बाळाला जन्मापासून २४ तासांच्या आत लस मिळाली का ते स्वतः विचारा. २०१८ पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधं मोफत आहेत. लाज वाटून घेऊ नका. आमच्या आईच्या वेळी हे कुणाला ठाऊक नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे.

जय जिनेंद्र.