उरलेला एक रुपया

अंकगणित हे रुक्ष शास्त्र होय, असा एक लोकप्रवाद आहे. आणि तो पसरविण्यात आम्हां गणिताच्या अध्यापकांचा वाटा लहान नाही. तथापि १,४२,८५७ ही संख्या फळ्यावर लिहिली की शेवटच्या बाकावरील विद्यार्थीही मान वर करतो, हा धाराशिवच्या वर्गातील आमचा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे.

तिला दोहोंनी गुणावे, २,८५,७१४ येतात. तिहींनी गुणावे, ४,२८,५७१. सहांपर्यंत कशानेही गुणा, तेच सहा अंक त्याच क्रमाने, केवळ आरंभ बदलून, फेर धरतात. याचे मर्म भागाकारात आहे. एकास सातांनी भागू लागले असता १, ३, २, ६, ४, ५ हे शेष एकेकदा येऊन जातात व पुन्हा एक येतो; म्हणून दशांश स्थळांत हेच सहा अंक अखंड फिरत राहतात. देवळालीच्या शाळेत शिक्षकी करणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांच्या (१९०५–१९८६) नावाने ज्या संख्या ओळखल्या जातात, त्यांतही हिची गणना होते. हिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करून बेरीज केली की मूळ संख्या पुन्हा हजर!

मात्र सातांनी गुणताच हा फेर मोडतो आणि ९,९९,९९९ येतात. दहा लाखांस एक कमी. या एकाची खरी ओळख आम्हांस वर्गात नव्हे, घरी पटली.

तुळजापूर तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित कोरडवाहू जमिनीस दहा लाखांचे गिऱ्हाईक आले. आम्ही पाच भाऊ, दोन बहिणी. थोरले बंधू म्हणाले, "बहिणी काही मागायच्या नाहीत. पाच वाटे केले की दोन-दोन लाख. हिशेब कसा स्वच्छ!" २००५ च्या कायदादुरुस्तीने मुलीस मुलाइतकाच हक्क दिला आहे, हे आम्हांस ठाऊक होते, तरीही आम्ही गप्प राहिलो. हक्कसोडीचा कागद तयार झाला.

धाकटी बहीण सहीस बसली. लेखणी हाती घेऊन तिने सहज विचारले, "अप्पा, सातांनी भागलं तर काय येतं?"

उत्तर आमच्या जिभेवरच होते. "एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. आणि एक रुपया उरतो."

"एकच ना?" ती म्हणाली.

आम्ही तो कागद तिच्यापुढून उचलला. थोरले बंधू पुढे दोन महिने आमच्याशी बोलले नाहीत. वाटे मात्र सात झाले. उरलेला रुपया आमच्या देव्हाऱ्यात आहे.

पाचांनी भागले असता बाकी काही उरत नाही, असेच आम्ही धरून चाललो होतो. उरत होत्या त्या दोन बहिणी.