मराकेशला उतरायचं कुठं?

परदेशी जायचं ठरलं की आपण बायका आधी बॅगेत काय भरायचं याची यादी करतो. चिवडा, लाडू, मेतकूट, गरम पाण्याची पिशवी, वगैरे. उतरायचं कुठं, हा विषय मात्र घरातल्या पुरुषांच्या नाहीतर ट्रॅव्हल कंपनीच्या गळ्यात घालून आपण मोकळ्या होतो. मीही आजवर तसंच करत आले. मोरोक्कोच्या प्रवासात पहिल्यांदाच ही जबाबदारी हौसेनं अंगावर घेतली आणि सपशेल चुकले. त्या चुकीतून जे शिकले ते मैत्रिणींना सांगावं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचा मुलगा नोकरीनिमित्त माद्रिदला असतो. त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा मोरोक्कोतलं मराकेश तिथून विमानानं दोन तासांवर आहे असं कळलं. जाण्याचा आग्रह धरला तो माझ्या मोठ्या नणंदेनं. वन्सं वाईच्या. तीस वर्षं त्यांनी शाळेत इतिहास शिकवला. मोरोक्कोच्या टँजिअर गावचा इब्न बतूता १३२५ साली घर सोडून निघाला आणि फिरत फिरत पार आपल्या दौलताबादपर्यंत येऊन गेला, हा धडा त्यांनी कितीदा शिकवला असेल! “तो आपल्याकडे आला, आता एकदा आपण त्याच्याकडे जाऊन येऊ,” असं त्या म्हणाल्या. एरवी स्वतःसाठी काही मागायची त्यांना सवय नाही. त्यामुळे जायचं नक्की झालं.

आता प्रश्न उतरण्याचा. मराकेशची सरळसरळ दोन गावं आहेत. एक ‘मदिना’, म्हणजे तटबंदीच्या आतलं जुनं शहर. अकराव्या शतकात वसलेलं, लाल मातीच्या भिंतींचं. १९८५ साली युनेस्कोनं ते जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. दुसरं ‘गेलीझ’. १९१२ ते १९५६ या काळात मोरोक्कोवर फ्रेंचांचा अंमल होता, त्या वेळी त्यांनी वसवलेली ही नवी पेठ. रुंद रस्ते, दुकानं, कॉफीची हॉटेलं आणि लिफ्ट असलेल्या इमारती.

गेलीझमध्ये हॉटेलं, आणि मदिनेत ‘रियाद’. रियाद म्हणजे बाग. चारी बाजूंनी खोल्या, मधे उघडा चौक, चौकात कारंजं आणि संत्र्याची झाडं, असं जुन्या श्रीमंतांचं घर. बाग नसलेलं लहान चौकाचं घर असेल तर त्याला नुसतं ‘दार’ म्हणतात. गंमत बघा, आपलं दार म्हणजे दरवाजा, त्यांचं दार म्हणजे अख्खं घर! १९९० नंतर अशी कितीतरी जुनी घरं दुरुस्त करून पाहुण्यांसाठी उघडली गेली. काही तिथल्याच कुटुंबांची आहेत, बरीच युरोपातल्या लोकांनी विकत घेतलेली आहेत.

ह्यांचं मत पहिल्यापासून हॉटेल. “लिफ्ट आहे, गरम पाणी आहे, दारात टॅक्सी येते. सुट्टीत आणखी काय लागतं?” मी मात्र रियादचे फोटो बघून भाळले होते. निळे हिरवे टाइल्सचे तुकडे जोडून केलेली नक्षी, कोरीव लाकडी छत, गच्चीवर नाश्ता. एकदा बघाच ते फोटो, म्हणजे मी का भुलले ते कळेल! वन्संना विचारलं तर “तुम्ही ठरवाल ते,” एवढंच उत्तर. मग मी दोन खोल्या ठरवल्या आणि चार रात्रींचे पैसे आगाऊ भरून टाकले. ते परत मिळणार नाहीत अशी अट होती, पण चार पैसे स्वस्त पडलं म्हणून मी खूश.

पहिला धडा टॅक्सीतून उतरल्याउतरल्याच मिळाला. मदिनेतल्या बहुतेक गल्ल्यांत मोटार शिरत नाही. टॅक्सीवाल्यानं एका वेशीपाशी सोडलं आणि तो निघून गेला. अंधार पडलेला, गल्ल्या एकीतून दुसरी फुटणाऱ्या आणि शेवटी बंद होणाऱ्या, मधूनच भर्रकन जाणाऱ्या स्कूटरी. एक पोरगा पुढं आला, “पुढचा रस्ता बंद आहे, मी दाखवतो” म्हणाला, आम्हाला उगाच फिरवून दारात आणलं आणि मग पैशासाठी हुज्जत घातली. रस्ता काही बंद नव्हता. असे पोरगे तिथं पुष्कळ भेटतात. आधी कळवून ठेवलं असतं तर घरचाच माणूस हातगाडी घेऊन वेशीपाशी आला असता. ही सोय बहुतेक घरं करतात, आपण विचारायचं तेवढं असतं.

घर फोटोतल्यासारखंच सुंदर होतं. पण वन्संची खोली दुसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद, पायऱ्या गुडघाभर उंच, धरायला कठडा नाही. त्यांचे गुडघे काही वर्षांपासून दुखतात हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण खोली ठरवताना मी नक्षी बघितली, जिना बघितला नाही. आणखी एक. या घरांना बाहेरच्या बाजूला खिडक्या जवळजवळ नसतात. उन्हापासून आणि रस्त्यावरच्या नजरांपासून आडोसा म्हणून भिंती कोऱ्या ठेवायच्या आणि सगळी खोल्यांची तोंडं चौकाकडे, अशी ती रीत. त्यामुळे खाली कुणी बोललं तरी वर ऐकू येतं. आणि बाथरूमला दाराऐवजी नुसता पडदा! आमचं दोघांचं एक वेळ ठीक, पण अशा खोलीत बहिणी-बहिणी किंवा आई-मुलगा राहायचे असले तर केवढी पंचाईत!

नाश्ता गच्चीवर, म्हणजे आणखी एक मजला. पहिल्या सकाळी वन्सं म्हणाल्या, “मला भूक नाही गं, तुम्ही या जाऊन.” दुसऱ्या सकाळीही तेच. मी म्हटलं, हवा बदलली, होतं असं. दुपारी त्यांच्या खोलीत शाल आणायला गेले तर उशाशी लाडवाचा डबा. मी माद्रिदला नेलेले आणि उरलेले रव्याचे लाडू. दोन दिवस वन्सं त्या लाडवांवर आणि पाण्यावर सकाळ काढत होत्या. आणि रात्री जेवायला बाहेर जाताना जिना उतरायच्या त्या चक्क एकेका पायरीवर बसून, आमच्या आधी, कुणी बघू नये म्हणून.

मला रडूच आलं. “वन्सं, बोलला का नाहीत?” तर म्हणाल्या, “तू इतक्या हौसेनं ठरवलं होतंस. आणि पैसेही भरलेले.”

त्याच संध्याकाळी आम्ही तिथून हललो. उरलेल्या दोन रात्रींचे पैसे गेले ते गेले. ह्यांनी मात्र “मी म्हटलं नव्हतं?” असं एकदाही म्हटलं नाही, हे त्यांच्या बाजूनं नमूद करायला हवं. गेलीझमधल्या एका हॉटेलात गेलो. लिफ्ट, दाराला दार, न्हाणीत धरायला दांडी. वन्संनी दोन बादल्या गरम पाणी घेऊन अंघोळ केली आणि गाढ झोपल्या. सकाळी नाश्ता पोटभर केला. आणि मग खिडकीतून रस्त्याकडे बघत हळूच म्हणाल्या, “बरं आहे गं इथं. पण हे पुण्याच्या हॉटेलासारखंच की! तो चौक फार छान होता. आमच्या वाईच्या वाड्याची आठवण आली.”

वाईचा तो वाडा पाडून तिथं इमारत उभी राहिली त्याला आता वीस वर्षं होतील. दिंडी दरवाजा, चौक, चौकातलं तुळशीवृंदावन, माडी. विचार केला तर रियाद आणि आपला वाडा ही एकाच विचारातून आलेली घरं. बाहेरून साधी भिंत, सगळी शोभा आत. वन्संना चौक खुपत नव्हता, खुपत होता तो जिना. म्हणजे रियाद की हॉटेल हा माझा प्रश्नच चुकला होता. कुठली खोली, कुणासाठी, असं विचारायला हवं होतं.

मी म्हटलं, “वन्सं, आता राहिलेल्या तीन दिवसांची जागा तुम्ही निवडायची. आम्ही मधे बोलणार नाही.”

टॅक्सीनं मदिनेत गेलो. (शहरातल्या छोट्या टॅक्सीत तीनच माणसं घेतात, चार असाल तर दोन टॅक्स्या कराव्या लागतात.) जमा अल-फना या मोठ्या चौकातून बाहिया राजवाड्याकडे रियाद झितून नावाचे दोन रस्ते जातात. हा भाग सपाट आणि मोटाररस्त्यापासून जवळ. वन्संनी तीन घरं बघितली. भाजी निवडावी तशी! “आधी खोली दाखवा,” म्हणायच्या. गादी दाबून बघितली, नळ सोडून गरम पाणी किती वेळात येतं ते बघितलं, दिवा लावून बघितला. पहिल्या घरात तळमजल्याची खोली चौकातल्या उघड्या हौदाला लागून होती. “रात्री उठले तर मी थेट त्यात!” म्हणून नाकारली. दुसऱ्यात ओल होती. तिसरं एक छोटं दार होतं. चौकात एकच संत्र्याचं झाड, तळमजल्याला खोली, आणि नाश्ता कुठं हवा तिथं आणून देऊ असं त्या घरच्या बाई म्हणाल्या. वन्संनी माझ्याकडे बघितलं नाही की आपल्या भावाकडे बघितलं नाही. “हीच,” म्हणाल्या.

तिथले तीन दिवस मी विसरणार नाही. सकाळी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून वन्सं बसायच्या. तिथं न्याहारीला ‘म्समेन’ करतात. रव्यामैद्याची कणीक तेला-लोण्यानं पातळ पसरून, चौकोनी घडी घालून तव्यावर भाजलेली. आपली घडीची पोळीच ती! ‘बग्रीर’ म्हणजे जाळीदार आंबोळी, वर लोणी आणि मध. स्वयंपाकीणबाईंना फ्रेंच आणि अरबी येत होतं, वन्संना मराठी. तरी तिसऱ्या दिवशी वन्सं म्समेन लाटत, म्हणजे हातानं पसरत होत्या आणि त्या बाई हसून हसून दाद देत होत्या. ८ सप्टेंबर २०२३ च्या भूकंपात मराकेशजवळच्या ॲटलास डोंगरातली खेडी उद्ध्वस्त झाली, जवळजवळ तीन हजार माणसं गेली. त्या बाईंचं माहेर त्या डोंगरातलं. हातानं भिंत पडल्याची खूण करून त्यांनी ते सांगितलं. वन्संनी त्यांचा हात धरून ठेवला. हे हॉटेलात घडलं नसतं.

जेवणाचंही सांगते. वन्सं शाकाहारी. तिथं भाज्यांचं ‘ताजिन’ मिळतं, पण कधी कधी ते मांसाच्या रश्शातच शिजवलेलं असतं, आणि ‘हरीरा’ सुपातही बहुधा मांस असतं. लहान घरात उतरण्याचा फायदा हा, की सकाळी सांगितलं तर रात्री आपल्यासाठी वेगळं शिजतं. ‘ब्ला ल्हम’, म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करून ठेवा. कोंबडीही नको हे वेगळं सांगा. ‘झालूक’ म्हणजे वांग्या-टोमॅटोचं भरीत, लसूण घातलेलं. ते आणि ताजा पाव असला की आपलं भागतं.

आता माझ्या चुकांतून निघालेल्या सूचना देते, कागदावर उतरवून ठेवा.

जागा ठरवण्याआधी फोनवर किंवा पत्रानं विचारा: खोली कितव्या मजल्यावर? पायऱ्या किती, कठडा आहे का? मोटार थांबते तिथून किती पावलं चालावं लागतं, आणि घ्यायला कुणी येईल का? बाथरूमला दार आहे की पडदा? लहान मुलं बरोबर असतील तर चौकातल्या हौदाला आडोसा आहे का?

ऋतूचा विचार करा. उन्हाळ्यात मराकेशचं तपमान चाळीसच्या वर जातं, मग थंड हवेचं यंत्र हवंच. डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते आणि उघड्या चौकाची घरं गारठतात. हीटर आहे का, ते विचारा. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. रमझानात दिवसा बरीच खाणावळीची दारं बंद असतात, तेव्हा घरीच जेवणाची सोय होईल असं ठिकाण बघा.

झोप सावध असेल तर लक्षात ठेवा, मदिनेत पहाटेची बांग जवळून ऐकू येते. कानात घालायला कापूस न्या.

फेझ शहरी जाणार असाल तर तिथली जुनी पेठ उताराची आहे, गल्ल्यांत चढउतार फार. गुडघेदुखी असेल तर बाथा चौकाजवळ किंवा एखाद्या वेशीलगत उतरा. मराकेश त्या मानानं सपाट.

पैसे: तिथलं चलन दिरहम. ते तिथं गेल्यावरच घ्यायचं. जवळ युरो किंवा डॉलर ठेवा, रुपयांचा तिथं उपयोग नाही. खोलीच्या भाड्याशिवाय दर माणशी, दर रात्री थोडा कर द्यावा लागतो, तो भाड्यात धरला आहे का, विचारा. आणि सगळ्या रात्रींचे पैसे आधी कधीच भरू नका. पहिली एक रात्र ठरवा, आवडलं तर पुढं राहा. स्वस्ताई मला दोन रात्रींच्या भाड्याला पडली!

आणि शेवटची सूचना, जी कुठल्याच माहितीपत्रकात नसते. बरोबरच्या वडीलधाऱ्या बाईला “तुम्ही ठरवाल ते” असं म्हणू देऊ नका. तिला खोलीपर्यंत न्या, गादी दाबू द्या, नळ सोडू द्या. जन्मभर दुसऱ्यांच्या सोयीनं राहिलेल्या बाईला स्वतःची सोय सांगायला थोडा वेळ लागतो, तेवढा वेळ तिला द्या.

निघताना त्या घरच्या बाईंनी वन्संच्या हातात कागदात बांधलेले चार म्समेन दिले. विमानात वन्संनी त्यातला एक मला दिला आणि म्हणाल्या, “पुढच्या खेपेला फेझ. जागा मी बघीन.”