बादलीवरची फुले

आठवीत वसतिगृहात दाखल झालो, तेव्हा माझ्या वाट्याला जस्ताचा मुलामा दिलेली एक बादली आली. तिच्या अंगावर करड्या फुलांची नक्षी होती. ती कोणा कारागिराने काढली असावी, असा माझा समज. विज्ञानाच्या सरांनी तो दूर केला. लोखंडी पत्र्यावरचे वितळलेले जस्त गोठताना त्याचे स्फटिक वाढत जातात आणि एकमेकांना भिडले की थांबतात. प्रत्येक फूल म्हणजे धातूचा एक कण. इतर धातूही असेच कणांचे बनलेले असतात. बहुधा ते डोळ्यांना दिसत नाहीत, इतकेच.

पुढे धातुशास्त्र हाच माझा विषय झाला. धातू वाकतो तेव्हा कणाच्या आत अणूंच्या रांगा एकमेकींवरून सरकतात. शेजारच्या कणात रांगांची दिशा निराळी असल्याने ही सरक सीमेवर अडते. म्हणून कण जितके बारीक, तितका धातू बळकट. 1951 मध्ये हॉल आणि 1953 मध्ये पेच यांनी याचे गणित मांडले: कणांचा व्यास शंभरपट घटला, तर सीमांमुळे मिळणारे बळ दहापट वाढते.

मात्र या वाढीलाही मर्यादा आहे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. संगणकावरील अभ्यासात तांब्याचे बळ 10 ते 15 नॅनोमीटरच्या कणांना कळसास पोहोचलेले दिसले. त्याहून बारीक कण सीमांवरच घसरू लागतात आणि धातू मऊ पडतो.

संशोधनाच्या आरंभी मी निकेलच्या दोन पट्ट्या तयार केल्या. दोहोंतील कणांची सरासरी जवळपास सारखी, तरी एक लक्षणीय मऊ निघाली. कित्येक आठवडे मी यंत्रालाच दोष देत राहिलो. अखेर एकेक कण मोजला, तेव्हा उलगडा झाला. मऊ पट्टीत थोडे कण फार मोठे होते. दहापट व्यासाच्या एका कणात हजार लहान कणांइतका धातू सामावतो. संख्येच्या सरासरीत मात्र तो एकच धरला जातो.

असे मोठे कण म्हणजे निव्वळ दोष, असे मी तेव्हा मानले. पण 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तांब्याच्या अतिसूक्ष्म कणांत सुमारे चतुर्थांश मोठे कण मुद्दाम वाढू दिले होते. बारीक कणांनी बळ दिले आणि मोठ्या कणांनी न तुटता ताणले जाण्याची क्षमता दिली.

हे वाचताना मला आपली शाळा आठवली. आमच्या वर्षी दहावीच्या निकालाची टक्केवारी उत्तम होती आणि मी गणितात अनुत्तीर्ण होतो. सरांनी मला सुटीत वसतिगृहातच ठेवून घेतले, रोज पहाटे गणित शिकवले आणि ऑक्टोबरच्या परीक्षेला बसवले. निकालाच्या आकड्यात मी कुठेच दिसत नव्हतो. त्यांना मात्र दिसलो होतो.

या स्मरणिकेतही निकालांचे तक्ते असतील आणि त्यांचा अभिमान मलाही आहे. संस्थाचालकांना व पालकांना एवढीच विनंती की, ते तक्ते पाहताना सरासरीखाली झाकलेली मुले एकेक करून मोजावीत. त्यांतील एक मूल मी होतो.