गाठ सोडणारं प्रथिन

एन-एथिलमॅलेमाइड या रसायनाची बाटली हातमोजे घातल्याशिवाय कुणी हातात घेत नाही. प्रथिनांमध्ये गंधक दिसेल तिथे ते चिकटतं आणि सहसा सुटत नाही. इतकं आंधळं विष संशोधनात कशाला, असं कुणालाही वाटेल.

पेशीत माल वाहणाऱ्या इवल्या पिशव्या असतात. 1980च्या दशकात जेम्स रॉथमन यांनी ही वाहतूक पेशीबाहेर, परीक्षानळीत चालवून दाखवली. हे रसायन टाकलं की ती ठप्प व्हायची. रसायन न लागलेला ताजा पेशीद्रव घातला की पुन्हा सुरू. म्हणजे बंद पडलेला गडी त्या द्रवात होता! गाळत, निवडत 1988पर्यंत तो हाती आला. नाव पडलं एनएसएफ, म्हणजे या रसायनापुढे हात टेकणारा घटक. विषावरून बारसं झालेलं प्रथिन. रॉथमन यांना 2013 साली नोबेल मिळालं, ते याच वाहतुकीच्या कामासाठी.

चितेगावला घरी अण्णांना हे सांगताना मी उसाची गाडी घेतली. मोळ्या उतरवल्या, पण दोराच्या गाठी सोडल्याच नाहीत, तर पुढची खेप कशाने बांधणार? पिशवी पडद्याला भिडते तेव्हा दोन्हीकडची प्रथिनं एकमेकांत पिळली जातात. तो पीळ सोडवतं एनएसएफ.

स्वादुपिंडातलं इन्सुलिनही असंच पिशव्यांतून रक्तात उतरतं, हे ऐकून ते म्हणाले, ''मंग माय, माझ्या शुगरला चालंल का हे?''

नाही चालणार. असलं रसायन माणसाच्या अंगात घालता येत नाही. वाळूजला औषध कंपनीत लागलेल्या पोरींच्या बापांना हे ऐकावं लागत नसावं.

''मंग दोन वर्सं कशापायी?''

मी मुंबईची माशी सांगितली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ओबैद सिद्दिकी आणि अमेरिकेतले सीमोर बेंझर यांनी 1976मध्ये फळमाशीच्या एका वाणाबद्दल लिहिलं. उष्णता वाढली की ती लुळी पडायची, गारव्यात आणली तरी लवकर उठायची नाही. म्हणून नाव 'कोमाटोज'. तिचा बिघाड एनएसएफमध्येच आहे हे 1995मध्ये कळलं. तोवर हे प्रथिन कुणी वेगळं काढलंच नसतं, तर ओळखायचं कशावरून?

अण्णांनी ऐकून घेतलं. मग जेवणाआधीची सुई आणायला सांगितली.