दादाचा दणकट स्पीकर

माझ्या मामेभावाकडे, म्हणजे दादाकडे, एक ब्लूटूथ स्पीकर आहे. पाण्याच्या बाटलीएवढा. बाहेरून जाड रबर, अडकवायला कडी. "याला काही म्हणजे काही होत नाही!" हे दादाचं पालुपद.

जुलै २०२४ मध्ये आम्ही लोणावळ्याहून राजमाचीला चालत निघालो. मामा, दादा, मी आणि माझी धाकटी बहीण छोटी. वाट लांबची, पण बरीचशी सपाट. वरून भुरभुर पाऊस. स्पीकर दादाच्या सॅकला लटकलेला, गाणी चालू. मोबाईल मात्र माझ्या खिशात.

एका ओढ्यात स्पीकर धप्पकन पडला. माझ्या काळजात धस्स झालं. दादाने तो उचलला, झटकला आणि काय आश्चर्य! गाणं पुन्हा सुरू! "यावर आयपी ६७ लिहिलंय ना," दादा ऐटीत म्हणाला, "६ म्हणजे धूळ आत जात नाही. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी बिघडत नाही."

"पण घरी केवढा दणाणतो! इथे बारीक का वाटतो?" मी विचारलं.

मामा म्हणाला, "घरात भिंती आवाज परत पाठवतात. इथे कोण पाठवणार? उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो."

झालं! दादाने आवाज आणखी वाढवला.

पुढे बुटाची नाडी बांधायला मी थांबलो, तर गाणं तुटक तुटक येऊन बंदच पडलं. मोबाईल दहा-बारा मीटर मागे राहिला होता ना! तिघंही एकदम वळून ओरडले, "अरे, चल की लवकर!"

मग धुकं उतरलं. आम्ही गाण्याबरोबर भसाड्या आवाजात गात चाललो होतो. बऱ्याच वेळाने मामाने मागे पाहिलं. छोटी नव्हती.

"आधी तो बंद कर!" मामा ओरडला.

स्पीकर बंद झाला. नुसता पावसाचा आवाज. आणि मग, खूप लांबून, रडवेली हाक आली, "दादाऽऽ!"

आम्ही धावत सुटलो. शेवाळावरून घसरून छोटीचा पाय मुरगळला होता. घोटा टम्म सुजलेला. "मी कित्ती हाका मारल्या!" एवढंच ती म्हणाली. मामा आम्हाला रागावला नाही. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं.

दादाने तिला पाठुंगळी घेतलं. गडाखालच्या उधेवाडीला पोचेपर्यंत कुणी गाणं लाव म्हटलं नाही.

रात्री जिथे मुक्काम केला, तिथल्या ओटीवर पिठलं-भाकरी झाली. छोटी म्हणाली, "दादा, आता लाव ना!" दादाने स्पीकर लावला. अगदी हळू. पागोळ्यांचा आवाजही ऐकू येत होता. गाणं इतकं छान आहे, हे मला तेव्हा कळलं.

मोबाईल मागे राहिला, तर स्पीकरला लगेच कळलं. माझी बहीण मागे राहिली, ते मात्र आम्हाला कळलं नाही. तेव्हापासून आमचा नियम ठरला आहे : चालताना स्पीकर सॅकच्या आत, आणि छोटी सगळ्यांच्या पुढे!